गळणाऱ्या व्हॉल्व्हचा वाद

पावसाळ्यात लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांचा आठवडा दोनच दिवसांचा असतो. शनिवारी सकाळी गाड्या येतात, माणसं भुशी धरणावर नाहीतर टायगर पॉइंटला जाऊन नखशिखांत भिजतात, आणि संध्याकाळी अख्ख्या बंगल्याला एकदम गरम पाणी हवं असतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात सौरबंब त्या दिवसांत नुसते शोभेला. सगळा भार विजेच्या गीझरवर. आणि त्या गीझरखाली थेंब थेंब गळणाऱ्या एका पितळी तुकड्यावरून तुंगार्लीत एका ओट्यावर वाद जुंपला.

एक पक्ष बंगलेवाल्याचा. तो मालक नाही. मुंबईच्या मालकांचे बंगले सांभाळतो, बुकिंग घेतो आणि पाहुण्यांची बोलणी खातो. मावळातलाच, कार्ल्याजवळच्या एका खेड्यातला. दुसरा पक्ष काकांचा. काकांची उमेदीची वर्षं नौदलाच्या बॉयलररूममध्ये गेली, त्यातली काही ‘विराट’ जहाजावर. शेवटी भुशीच्या पुढच्या आयएनएस शिवाजीत ते पोरांना वाफेची यंत्रं शिकवत, आणि निवृत्त झाल्यावर लोणावळ्यातच राहिले. मी श्रोता होतो, पण गप्प बसण्याचं वरदान मला नाही. बोलणं थोडं झाडून-पुसून देतो आहे.

बंगलेवाला : काका, आमच्या प्लंबरला तुम्ही झापलंत म्हणे. पोरगा हिरमुसून आला.

काका : झापलं नाही रे. हात धरला त्याचा. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला तो डमी, म्हणजे बूच, मारत होता. टेफ्लॉन गुंडाळून, पान्याने आवळून, अगदी मन लावून.

बंगलेवाला : मीच सांगितलं होतं त्याला. तो व्हॉल्व्ह गळतोय. पाहुण्यांनी फोटो काढून टाकला, ‘बाथरूममध्ये लीकेज’. लाखभर रुपयांच्या टाइल्स लावल्यात मालकाने आणि लोकांना दिसतो तो थेंब.

काका : गीझर बंद असताना गळतो का?

बंगलेवाला : नाही. बंद असला की कोरडा. चालू केला की दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होतो.

काका : म्हणजे गळत नाही, काम करतोय. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर नेलं की ते दीड टक्क्याने फुगतं. पाव लिटरला किंचित कमी, एवढं पाणी जास्तीचं झालं. पाणी दाबलं जात नाही, टाकी पोलादाची, ती ताणली जात नाही. मग हे पाव लिटर जाणार कुठे? एक तर त्या व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने जाईल, नाहीतर टाकीच्या शिवणीवर ताण देत बसेल. दिवसातून चार वेळा ताण, चार वेळा ढील. तू डमी मारलास की त्या शिवणीला दुसरा कामधंदा राहत नाही.

बंगलेवाला : आता माझं ऐका. वळवणच्या जुन्या बंगल्यात वीस वर्षं एक गीझर चालला. तांब्याच्या टाकीचा. त्याला असला व्हॉल्व्ह नव्हता, थेंब नव्हता, फुटलाही नाही. तुमचं पाव लिटर तेव्हा कुठे जात होतं?

काका : बरं विचारलंस. त्या बंगल्याला पंप होता का?

बंगलेवाला : नाही. गच्चीवर टाकी आणि सरळ खाली पाइप.

काका : त्या पाइपातूनच जात होतं. ज्या पाइपाने थंड पाणी खाली येतं, त्याच पाइपाने फुगलेलं पाणी उलटं वर सरकायचं, टाकीत. कुणाला पत्ताही लागत नसे. दरवाजा उघडाच होता, फक्त तो दरवाजा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आता तुझ्या मालकाला शॉवर कसला हवा?

बंगलेवाला : रेन शॉवर. ताटाएवढा.

काका : आणि गच्चीवरची टाकी शॉवरच्या वर किती? तीन मीटर? दहा मीटर उंच पाण्याचा दाब एक बार. तीन मीटरला पाव बारच्या जरा वर. त्यात ताटाएवढा शॉवर म्हणजे नुसतं डोक्यावर ठिबकणार. म्हणून प्रेशर पंप बसवला. पंपाने पाणी उलटं जाऊ नये म्हणून लाइनीत एनआरव्ही टाकला. आता तर गीझरच्या व्हॉल्व्हच्या पोटातसुद्धा एनआरव्ही असतो. झालं! वर जायचा रस्ता बंद. तुझं घर जुनंच आहे असं तू समजतोस, पण पंप लागला त्या दिवशी तो गीझर बंद भांडं झाला.

इथे मला काकांची बाजू मनापासून पटली, आणि बंगलेवाल्याचाही चेहरा विचारात पडला. पंप बसवणारा वेगळा, गीझर बसवणारा वेगळा, बिल देणारा तिसराच. पंपवाल्याला गीझरशी देणंघेणं नाही. तळेगावात टॉवर झाले आहेत, तिथेही तेच: खालच्या मजल्यांवर दाब फार होतो म्हणून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात, आणि त्यातले बरेच व्हॉल्व्ह पाण्याला मागे फिरू देत नाहीत. फ्लॅटवाल्याला वाटतं, आपण फक्त नळाची धार मापात आणली.

बंगलेवाला : मग सोपं आहे. एनआरव्ही काढून टाकतो. रस्ता मोकळा, तुमचा जीव मोकळा.

काका : खरं सांगू? मला तेच आवडेल. वाफेत आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगतो, उघड्या भांड्यासारखं सुख नाही. तुमच्या घरी बंब होता ना?

बंगलेवाला : आजीचा होता. तांब्याचा. मधल्या नळीत लाकडं, गोवऱ्या. वरून बादलीभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत बाहेर.

काका : बघ. गार घातल्याशिवाय गरम नाही, आणि तोटीला चावी नाही. त्या बंबाला फुटायला सांगितलं तरी फुटता येत नाही. गच्चीवरचा सौरबंबही तसाच. त्याच्या टाकीतून एक बारीक पाइप उभा वर गेलेला असतो, गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्याही वर, तोंड उघडं. एअर व्हेंट. बिचारा दिसायला काही नाही, पण सगळ्या संकटाचं पाणी त्याच्यातून निघून जातं.

बंगलेवाला : आणि त्याच आजीच्या बंबापायी माझी आत्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती. दार लावलेलं, आत निखारे. ते तुम्ही सांगत नाही. हिवाळ्यात पेपरात बातम्या येतात ना, गॅस गीझर लावून आंघोळीला गेले आणि दार फोडावं लागलं, तोच हा प्रकार. बंब फुटत नाही, माणसाला गुदमरवतो. आणि एनआरव्ही काढायचं म्हणता, तर ते मी एकदा करून बसलोय. खालच्या मजल्यावरचा गीझर, एनआरव्ही नाही. वर कुणीतरी थंड पाण्याचे सगळे नळ एकदम सोडले आणि टाकीतलं पाणी तळाला गेलं. गीझरमधलं गरम पाणी उलटं थंडच्या लाइनीत आलं. आणि थंडच्या लाइनीवर काय असतं? संडासातला जेट.

काका : अरे देवा.

बंगलेवाला : हसू नका. पाहुण्यांच्या बाईंनी मला जे सुनावलं ते मी घरी सांगितलेलं नाही. सारखं असंच पाणी मागे जात राहिलं तर टाकी अर्धी रिकामी होईल, कॉइल उघडी पडेल, ती जळेल. तुमचा उघडा रस्ता दोन्हीकडून उघडा असतो काका. जे बाहेर जाऊ शकतं ते भलत्या ठिकाणीही जाऊ शकतं.

काका जरा वेळ गप्प राहिले. बॉयलरच्या माणसाला संडासाच्या जेटचा दाखला अपेक्षित नव्हता. मग त्यांनी मान्य केलं, एनआरव्ही हवाच. वाद तिथून पुढे सरकला: रस्ता बंद करणारच असाल तर दुसरा ठेवा, आणि तो कुणी बुजवू नये याची जबाबदारी कुणाची?

बंगलेवाला : पण मला एक सांगा, इतकं घाबरायचं कारण काय? गीझरला थर्मोस्टॅट आहे. साठ-सत्तरला पोचला की आपोआप बंद. पाणी फुगून फुगून किती फुगणार?

काका : थर्मोस्टॅट आहे तोवर खरं. तो रोज कितीदा चालू-बंद होतो? शनिवारी सकाळी पाहुणे येतात, बटण दाबतात, रविवारी दुपारी जातात. मधे कुणी बंद करतं का? दोन दिवस तो टकटक करत असतो. एक ना एक दिवस त्याचे पॉइंट चिकटतात. चिकटले की कॉइल सुटली. दोन किलोवॉटची कॉइल पंधरा लिटर पाणी वीसवरून साठवर वीस-एकवीस मिनिटांत नेते. आणखी तेवढ्याच वेळात शंभर. पुढे काय होतं?

बंगलेवाला : उकळतं. वाफ.

काका : उघड्या पातेल्यात उकळतं. बंद टाकीत नाही. दाब वाढला की उकळायचा अंशही वर जातो. कुकरमध्ये एकशेवीसपर्यंत जातं ना, म्हणून डाळ लवकर शिजते. गीझरच्या अंगावर काय लिहिलंय, वाचलंस कधी? आठ बार. आठ बार दाबाखाली पाणी पावणेदोनशे अंशांच्या आसपास उकळतं. तोवर ते निमूट पाणीच असतं. आवाज नाही, शिट्टी नाही. साठपासून तिथवर जायला फार तर तासभर.

मी मध्ये तोंड घातलं : पण प्रेशर व्हॉल्व्ह आठ बारला उघडणारच की.

काका : उघडेल, जर उघडा ठेवला असेल तर. पण तुम्ही लोक इथेच चुकता. तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे, तापमानाचा नाही. तो टाकी वाचवतो. आतलं पाणी दीडशे अंशांचं आहे की साठचं, याच्याशी त्याला घेणं नाही. आणि खरा दगा त्या दीडशेत आहे. समज, टाकीची शिवण उकलली. दाब एकदम पडला. दीडशे अंशांच्या पाण्याला आता शंभरच्या वर पाणी म्हणून राहता येत नाही. त्यातला दहावा-अकरावा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो. पंधरा लिटरमधलं दीडेक लिटर म्हण. आणि पाण्याची वाफ झाली की जागा सोळाशे-सतराशे पट लागते. दोन हजार लिटरच्या वर वाफ, एका बाथरूममध्ये, डोळ्याची पापणी लवायच्या आत. भिंत राहील का?

बंगलेवाला काही बोलला नाही. पाण्याचा दाब लोणावळ्याला नवा नाही. इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात पडतं, १९१५ पासून. पाचशे मीटरहून जास्त उतार, म्हणजे पन्नास बारचा दाब. तिथे नळाला हात लावायला इंजिनिअर लागतो. आठ बारच्या भांड्याखाली मात्र आपण डोक्याला शाम्पू लावून डोळे मिटून उभे राहतो.

काका : म्हणून एकावर एक पहारे ठेवलेत. पहिला थर्मोस्टॅट. तो चिकटला तर थर्मल कटआउट, नव्वदच्या आसपास उडतो आणि स्वतःहून परत लागत नाही. मुद्दामच तसा केलाय, म्हणजे माणसाने झाकण उघडून बघावं की का उडाला. बऱ्याच गीझरना त्याच्याही मागे फ्युजिबल प्लग असतो, कुकरच्या झाकणावर असतो तसाच. मऊ धातूचा, तापमान हाताबाहेर गेलं की वितळून भोक पाडतो. शेवटी दाबाचा व्हॉल्व्ह. आयएस २०८२ मानकाखाली आयएसआय मार्क असलेला गीझर घेतलास तर पहारे नीट तपासून लावलेले असतात. कारखान्याने आपलं काम केलेलं असतं. पुढे आपला मेकॅनिक येतो.

बंगलेवाला : आता त्याच्यावर घसरणार.

काका : घसरणारच. कटआउट उडाला. शनिवारची संध्याकाळ, पाहुणे बोंबलतायत. तुझा मेकॅनिक काय करतो?

बंगलेवाला : (थोडा थांबून) डायरेक्ट करतो.

‘डायरेक्ट’ म्हणजे कटआउटची दोन टोकं एका वायरच्या तुकड्याने जोडून टाकायची, म्हणजे वीज त्याला विचारल्याशिवाय आत जाते. मावळातच काय, सगळ्या महाराष्ट्रात हे होतं. मेकॅनिक खोडसाळ नसतो. नवा कटआउट पुण्याहून सोमवारी येणार असतो आणि गिऱ्हाईक आत्ता ओरडत असतं. पण सोमवारी तो परत येत नाही, कारण गीझर चालू आहे आणि कुणाची तक्रार नाही. बंगलेवाल्याने ‘थोडा थांबून’ उत्तर दिलं, तिथे त्याच्या डोळ्यांसमोर कुठला तरी विशिष्ट गीझर आला असावा असं मला वाटलं.

काका : गंमत ऐक. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. देशभराचा १९२३ मध्ये. आमचं सगळं आयुष्य अशाच भाषेत गेलं. तपासणी, शिक्का, सेफ्टी व्हॉल्व्हला सील. त्या कायद्याच्या २००७ च्या दुरुस्तीने ठरवलं की ज्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या खाली तापवतात ते बॉयलर नव्हे. बरोबरच आहे. नाहीतर घरोघर इन्स्पेक्टर पाठवावा लागला असता. पण बघ, तुझा गीझर बॉयलर नाही तो कशाच्या भरवशावर? त्या थर्मोस्टॅटच्या. तू कटआउट डायरेक्ट केलास, डमी मारलास, थर्मोस्टॅट चिकटला की तो बॉयलर झाला. बिनशिक्क्याचा, बिनतपासणीचा, आणि बेडरूमला लागून.

बंगलेवाला : काका, मी खोटं बोलणार नाही. तुमचा हिशोब खरा असेल. पण मी जे बघतो ते वेगळं आहे. माझ्या माहितीत एकही गीझर फुटलेला नाही. जे झालं ते सांगतो. शॉक बसलेत, कारण कॉइलला चीर गेली आणि अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती. एक पोरगं भाजलं, कारण नळ उघडला आणि सत्तर अंशांचं पाणी आलं. घसरून पडलेत, किती तरी. तलावात आणि धबधब्यात काय होतं ते तर सगळा तालुका जाणतो. माझ्याकडे मालकाकडून वर्षाचे ठरलेले पैसे येतात. ते पैसे मी तुमच्या हजारात एक होणाऱ्या स्फोटावर घालू की रोज होणाऱ्या गोष्टींवर?

काका : रोज होणाऱ्यांवर आधी घाल. त्यात माझं काही म्हणणं नाही. वीजगळती झाली की तोडणारी तीस मिलीअँपची आरसीसीबी लाव, अर्थिंग तपासून घे, एवढा पाऊस झेलणाऱ्या घरात हे पहिलं. पण भाजण्याचं बोललास म्हणून विचारतो, सेटिंग किती ठेवतोस?

बंगलेवाला : पंचेचाळीस. म्हणजे कुणी भाजणार नाही.

काका : आणि सोमवार ते शुक्रवार बंगला बंद?

बंगलेवाला : बंद.

काका : मग त्या टाकीत पाच दिवस कोमट पाणी मुरत बसतं. लीजनेला नावाचा जंतू असतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जुन्या सैनिकांचा मेळावा होता, तिथे माणसं न्यूमोनियाने मेली, त्याच्या तपासात तो सापडला. त्याला कोमट पाणी फार मानवतं. साठ अंशांना मरतो. आणि साठ अंशांचं पाणी अंगावर पडलं तर मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, पोराची त्याहून लवकर. आता कर तडजोड.

बंगलेवाला : म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

काका : नाही. टाकी साठला ठेव आणि नळाशी मिसळ. थर्मोस्टॅटिक मिक्सर मिळतो, तो स्वतःच गार मिसळून बाहेर चाळीसच्या आसपास देतो. महाग आहे, हे कबूल. पण रेन शॉवरला पैसे होते ना?

या टोल्यावर बंगलेवाला मनापासून हसला. मालकांबद्दलचं त्याचं मत काकांहून वेगळं नव्हतं.

काकांची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथल्या पद्धतीचं ते कौतुक करायला लागले. तिकडे पूर्वी बंद टाकीला परवानगीच नव्हती. माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि वर गेलेला उघडा पाइप, हीच रीत. १९८०च्या दशकाच्या मध्यात नियम बदलले आणि बंद टाकी आली, पण अटींसह. आपोआप परत न लागणारा कटआउट हवा, दाब आणि तापमान दोन्हींना उघडणारा व्हॉल्व्ह हवा, फुगलेल्या पाण्याला फुगायला जागा हवी, आणि काही झालं तरी पाणी शंभर अंशांच्या वर जाता कामा नये. पंधरा लिटरच्या वरची टाकी बसवायची तर परवानाधारक माणूसच लागतो. बाहेर पडणारं पाणी एका उघड्या नरसाळ्यातून पडलं पाहिजे, म्हणजे घरच्यांना दिसेल आणि कुणाला गुपचूप बूच मारता येणार नाही.

बंगलेवाला : तिकडे दर वर्षी परवानावाला येतो, बरोबर? इथे शुक्रवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर ट्रॅफिक लागलं की पुण्याचा माणूस फोन उचलत नाही. तुमच्या त्या व्हॉल्व्हला एक छोटी दांडी असते, ती दर महिन्याला उचलून पाणी सोडायचं असतं, हे मला माहितीये. पुस्तिकेत वाचलंय. पण कोण उचलणार? माझा केअरटेकर तीन बंगले बघतो, स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन टाकतो, चादरी मोजतो. जी सुरक्षा माणसाच्या आठवणीवर टेकलीये ती सुरक्षा नाही काका, ती आशा आहे. मला असं यंत्र द्या जे माझ्या माणसाने विसरलं तरी चालेल.

काका : असं यंत्र नसतं. बोअरच्या पाण्याचा खार त्या स्प्रिंगवर बसतो, पाच वर्षं व्हॉल्व्ह हलला नाही की तो पितळेचा ठोकळा होतो. ऐन वेळी उघडतच नाही. आमच्याकडे सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून बघायचा दिवस ठरलेला असायचा. विसरला तर विसरणाऱ्याचं नाव नोंदलं जायचं.

बंगलेवाला : तुमच्याकडे पोरं पळून जाऊ शकत नव्हती. माझी जातात. शेजारचा हजार रुपये जास्त देतो.

माझं मत इथे बंगलेवाल्याकडे झुकलं. काकांच्या जहाजावर व्हॉल्व्हशेजारी पहारा देणारा माणूस होता, त्याचं तेच काम होतं. घरातली टाकी अशा जगात राहते जिथे तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, आणि ते जग सुधारेल यावर सुरक्षा बांधता येत नाही. पण काकांच्या बोलण्यातला एक मुद्दा त्याहून खोल होता. बंगलेवाला म्हणत होता, माणूस विसरतो. डमी मात्र विसरण्यातून बसलेला नव्हता. वायरचा तुकडाही आपोआप जोडला गेला नव्हता. यंत्राने मदत मागितली, ती कुणाला तरी नको वाटली, म्हणून त्याचं तोंड बंद केलं. विसराळूपणावर इंजिनिअर उपाय काढतात आणि काढलेही आहेत. थेंब दिसला की पाहुण्याने फोटो काढावा, यावर कुठलाही व्हॉल्व्ह उपाय नाही.

बंगलेवाला : मग थेंब दिसलाच नाही तर?

काका : म्हणजे?

बंगलेवाला : व्हॉल्व्हच्या तोंडाला पारदर्शक नळी लावतो, भिंतीवरून खाली आणून फ्लोअर ट्रॅपवर सोडतो. पाणी जाईल, पाहुण्याला फरशीवर काही दिसणार नाही. केअरटेकरला नळीतून दिसेल. गळत असेल तर कळेल, सतत धार लागली तरी कळेल.

काका : चालेल. फक्त नळीचं तोंड पाण्यात बुडवायचं नाही, ट्रॅपच्या वर चार बोटं मोकळं ठेवायचं. नळी कुठे वर चढवायची नाही, सगळा उतार खाली. आणि नळी साधी पीव्हीसीची घेऊ नकोस, कढत पाण्याने ती लोळते. गीझरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपालासुद्धा पांढरा यूपीव्हीसी कुठे लावला असशील तर काढ. सीपीव्हीसीच लागतो. आणि गीझर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कॉक नको. कॉक हवा तर व्हॉल्व्हच्या आधी.

बंगलेवाला : हे सगळं करतो. एका दिवसाचं काम आहे. दांडी उचलायचं मी वचन देत नाही. चादरी बदलायच्या यादीत लिहून ठेवतो, उचलतील तेव्हा उचलतील.

काका : आणि टायमर? दोन दिवस गीझर चालू ठेवायचा नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास.

बंगलेवाला : ते नाही. रात्री अकराला भुशीहून परत आलेला पाहुणा गार पाण्याने आंघोळ करणार नाही, मला फोन करणार. टायमर तुमच्या घरी लावा.

यावर काकांनी बरंच सांगून पाहिलं, पण बंगलेवाला हलला नाही. शेवटी तोच उठता उठता म्हणाला, ‘तुंगार्लीच्या त्या कोपऱ्यातल्या बंगल्यात एक डमी मारलेला आहे. मागच्या दिवाळीपासून. आत्ता जाऊन काढतो.’

काका : आत पाहुणे आहेत?

बंगलेवाला : आहेत.

काका : मग पान्याला हात लावू नकोस. आधी बोर्डावरून एमसीबी पाड, बाथरूमच्या बटणावर भरवसा नको. पाहुण्यांना दुसऱ्या बाथरूममध्ये पाठव. गरम नळ हळूच थोडासा उघडून लांबून बघ. पाणी आलं तर ठीक. फुसफुस करत वाफ आली तर नळ तसाच सोडून दार लावून बाहेर ये, आत कुणाला जाऊ देऊ नकोस आणि गार पाणीही आत सोडू नकोस. रात्रभर तसाच राहू दे. डमी उद्या सकाळी काढ, टाकीला हात लावून गार आहे हे बघून. आणि काढलास की आधी झाकण उघडून बघ, कटआउट डायरेक्ट आहे का.

बंगलेवाला : तो डायरेक्टच आहे.

काका : तर मग तू तिथे पोचेपर्यंतही थांबू नकोस. एमसीबी आत्ताच पाडायला लाव. फोन कर.

त्याने उभ्या उभ्याच फोन लावला. तिकडून पाहुण्याचा सूर चढला, कारण आंघोळ अर्ध्यावर होती.